आठवड्याची पुडी रोज: देवगड तालुक्यातलं ‘ड’ जीवनसत्त्वाचं एक प्रकरण

देवगड तालुक्यातलं खाडीकाठचं गाव. घरात दोघंच: ६६ वर्षांच्या बाई आणि त्यांचे यजमान. मुलगा-सून मुंबईला. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात बाईंनी एका सकाळी पेजेत दोनदा मीठ घातलं, मग आज वार कोणता म्हणून तीनदा विचारलं आणि संध्याकाळी ओकाऱ्या सुरू झाल्या. त्याआधी महिनाभर शौचाला साफ होत नव्हतं, तहान भागत नव्हती, रात्री पाच-सहा वेळा उठावं लागत होतं. घरच्यांचं मत: शुगर वाढली, आणि वयही झालं.

हे प्रकरण अभ्यासासाठी जुळवलेलं आहे, बाई कुणी एक नव्हेत. मात्रा, तपासण्यांचे आकडे आणि चुकांचा क्रम मात्र अशा रुग्णांत दिसतो तसाच ठेवला आहे. आजार वाटतो तितका दुर्मीळ नाही, ओळखला उशिरा जातो.

सुरुवात बरोबर होती

ऑगस्टमध्ये बाई गुडघ्यांसाठी मुंबईला जाऊन आल्या होत्या. रक्तातलं ‘ड’ जीवनसत्त्व (तपासणीचं नाव २५-हायड्रॉक्सी व्हिटॅमिन डी) मिलिलिटरमागे ११ नॅनोग्रॅम निघालं. २० च्या खाली कमतरता धरतात, म्हणजे कमतरता खरीच होती. कारणही समजण्यासारखं: आधी त्या रोज खळ्यात मासळी वाळत घालायच्या, तासन्‌तास उन्हात असायच्या. गुडघे धरल्यापासून पडवीच्या बाहेर पडणं बंद. त्यात जून ते सप्टेंबर ढगांचं छप्पर.

डॉक्टरांनी कोलेकॅल्सिफेरॉलची (म्हणजे ‘ड’ जीवनसत्त्वाचीच) ६०,००० युनिटची पुडी आठवड्यातून एकदा, आठ आठवडे, अशी लिहून दिली. नंतर महिन्याला एक. आपल्याकडे सर्रास वापरली जाणारी, सुरक्षित अशी ही पद्धत आहे. सोबत कॅल्शियमच्या गोळ्या. इथवर कुणाचंच काही चुकलेलं नाही.

चूक झाली ती चिठ्ठीच्या भाषेत. ‘आठवड्यातून एकदा’ हे कागदावर इंग्रजी दोन अक्षरांत होतं. गणपतीला येताना मुलाने औषधं एका पिशवीत आणली आणि आईला वाचता यावं म्हणून मराठीत यादी केली: सकाळी बीपीची, जेवणानंतर शुगरची, रात्री कॅल्शियम, आणि ‘पावडर दुधातून रोज’. ही ओळ खरं तर प्रोटीनच्या डब्यासाठी होती. बाईंच्या लेखी पुडीतली पांढरी भुकटीही पावडरच. कोपरा फाडला, कपात झटकली, चमच्याने ढवळली. संत्र्याचा वास येतो, चव बरी लागते. चार दिवसांनी फोनवर सांगितलं, ‘‘माका बरां वाटता.’’ पाऊस ओसरला होता, घरात माणसं येऊन गेली होती, गणपती झाले होते. बरं वाटायला तेवढं पुरतं, पण श्रेय पुडीला गेलं.

आठ पुड्या आठ दिवसांत संपल्या. यजमानांनी रिकामं पाकीट खिशात घातलं आणि बाजाराच्या दिवशी दुकानात दाखवलं: ‘‘ह्याच द्या, महिन्याच्या तीस.’’ रिकामं पाकीट हीच कोकणातली, आणि कोकणातलीच असंही नाही, सर्वांत चालणारी चिठ्ठी. पाकिटावर नाव आणि मात्रा असते. किती दिवसांनी घ्यायचं ते नसतं. तीसची मागणी आली तेव्हाच काउंटरवर शंका यायला हवी होती, कारण ६०,००० ची पुडी महिन्याला तीस कुणालाच लागत नाही. अशा तीन खेपा झाल्या.

बेरीज

दाखल झाल्यावर डॉक्टरांनी पहिल्यांदा डबा मागवला. बिस्किटांचा पत्र्याचा डबा, त्यात कापलेल्या पट्ट्या. काहींवरचं नाव कात्रीत गेलेलं. तो पलंगावर उपडा करून नातेवाईक बोलतील तसा हिशेब लिहिला गेला:

गौरी-गणपती विसर्जनाच्या दुसऱ्या दिवसापासून ८० दिवस रोज एक पुडी: ४८ लाख युनिट.
ऑक्टोबरात अंग दुखतं म्हणून दंडात घेतलेलं ६ लाख युनिटचं एक इंजेक्शन: ६ लाख.
कॅल्शियमच्या गोळीत प्रत्येकी ५०० युनिट, दिवसाला दोन: ८० दिवसांत ८० हजार.
मल्टिव्हिटॅमिनच्या गोळीत ४०० युनिट: ३२ हजार.

एकूण ५५ लाख १२ हजार. चिठ्ठीप्रमाणे दोन महिन्यांत जायला हवे होते ४ लाख ८० हजार. साडेअकरा पटीच्या आसपास. त्यात पहिलीच ओळ जवळजवळ सगळं सांगते. घरात मात्र संशय मल्टिव्हिटॅमिनच्या गोळीवर होता, कारण ती मोठी, लाल आणि ‘गरम’. तिचं ८० दिवसांचं ‘ड’ एका पुडीच्या निम्म्याहून थोडं जास्त, इतकंच.

हा घोळ होण्यामागे एकक आहे. औषधाच्या पुडीवर आकडा युनिटमध्ये असतो, पूरक गोळ्यांच्या बाटलीवर बऱ्याचदा मायक्रोग्रॅममध्ये. १ मायक्रोग्रॅम म्हणजे ४० युनिट. बाटलीवरचे ‘१० मायक्रोग्रॅम’ म्हणजे ४०० युनिट आणि पुडीतले ६०,००० युनिट म्हणजे १,५०० मायक्रोग्रॅम. एका बाजूला १० आणि दुसऱ्या बाजूला ६०,००० असे आकडे बघून माणूस एकतर घाबरतो नाहीतर दुर्लक्ष करतो. तुलना कुणी करत नाही. मोठ्या माणसाची रोजची गरज भारतीय शिफारशीनुसार ६०० युनिट धरली आहे आणि देखरेखीशिवाय रोज ४,००० च्या वर जाऊ नये असा सर्वमान्य दंडक आहे. बाई रोज त्याच्या पंधरा पट घेत होत्या.

रक्तात काय घडलं

ब गटातली किंवा ‘क’ जीवनसत्त्व जास्त झालं तर बहुतेक लघवीवाटे जातं (ब६ याला अपवाद, ते महिनोन्‌महिने मोठ्या मात्रेत घेतलं तर पायांच्या नसा बिघडवतं). ‘ड’ तसं जात नाही. ते चरबीत मुरतं आणि तिथून हळूहळू रक्तात झिरपत राहतं. ते आतड्याला जास्त कॅल्शियम शोषायला लावतं, हाडांतूनही काढायला लावतं. रक्तात कॅल्शियम चढलं की मूत्रपिंडाची पाणी राखण्याची ताकद कमी होते, लघवी वाढते, अंगातलं पाणी घटतं आणि पाणी घटलं की मूत्रपिंड उरलेलं कॅल्शियम आणखी धरून ठेवतं. एकदा हे चक्र फिरायला लागलं की आपोआप थांबत नाही.

बाईंच्या बाबतीत त्याला दोन हात आणखी लागले. रक्तदाबाच्या गोळीत टेल्मिसार्टन ४० सोबत हायड्रोक्लोरोथायझाइड १२.५ मिलिग्रॅम होतं. हे थायझाइड लघवीवाटे जाणारं कॅल्शियम अडवतं. एरवी ते चांगलं औषध आहे; ‘ड’ आणि कॅल्शियमच्या भाराखाली ते उलटं पडतं. दुसरं म्हणजे मळमळीला घरच्यांनी पित्त ठरवलं आणि चघळायच्या पित्ताच्या गोळ्या दिल्या. त्यांतल्या काही गोळ्यांमध्ये कॅल्शियम कार्बोनेटच असतं. आगीवर तूप.

आता लक्षणं पुन्हा बघा. तहान आणि वारंवार लघवी: मधुमेह्याच्या घरात याचा अर्थ एकच लावला जातो. नोव्हेंबरात साखर जेवणानंतर १७८ आली तेव्हा गोळी वाढवण्यात आली. १७८ ला रात्री सहा वेळा उठावं लागत नाही. मूत्रपिंडातून साखर सांडायला लागते ती साधारण १८० च्या पुढे, आणि इतकी लघवी व्हायला त्याच्याही बरंच वर जावं लागतं. हा आकडा आणि हे लक्षण जुळत नाहीत, हे त्याच दिवशी दिसलं असतं. बद्धकोष्ठाला इसबगोल, मळमळीला पित्ताची गोळी, गोंधळण्याला वय. प्रत्येक लक्षणाला स्वतंत्र आणि पटेल असं उत्तर मिळालं, म्हणूनच महिना गेला.

दवाखान्यात

पहिल्या दिवशीचे आकडे: कॅल्शियम डेसिलिटरमागे १३.४ मिलिग्रॅम (साधारण ८.५ ते १०.५ असावं), अल्ब्युमिन हे रक्तातलं प्रथिन ३.४. अल्ब्युमिन कमी असेल तर कॅल्शियम आहे त्याहून कमी दिसतं, म्हणून ४ मधून अल्ब्युमिन वजा करून ०.८ ने गुणायचं आणि मिळवायचं: १३.९. क्रिॲटिनिन (मूत्रपिंडाचं काम मंदावलं की हे चढतं) २.३, जुलैत ०.९ होतं. पॅराथायरॉइड (कॅल्शियम सांभाळणारी गळ्यातली ग्रंथी) हिचं संप्रेरक ६, म्हणजे दबलेलं. हा शेवटचा आकडा महत्त्वाचा. ती ग्रंथीच कॅल्शियम चढवत असती तर तो वर असता. दबलेला असेल तर कारण बाहेर शोधायचं: कर्करोग, क्षय किंवा सार्कॉइडसारखे (अवयवांत बारीक गाठी करणारे) आजार, नाहीतर ‘ड’. ‘ड’ची तपासणी बाहेर पाठवावी लागली, दोन दिवसांनी ‘१५० पेक्षा जास्त’ असा शेरा आला. यंत्राची मोजपट्टीच तिथे संपत होती. मात्र उपचारासाठी त्या कागदाची वाट पाहिली नाही, आणि पाहायचीही नसते. कॅल्शियमची तपासणी तालुक्याच्या साध्या प्रयोगशाळेत त्याच दिवशी होते, डब्यातल्या पुड्या समोर होत्या.

आधी बंद काय केलं ते: पुड्या, कॅल्शियम, मल्टिव्हिटॅमिन, थायझाइडवाली गोळी, पित्ताच्या गोळ्या. टेल्मिसार्टन आणि शुगरची गोळी मेटफॉर्मिनही थांबवलं, कारण किडनी अशी असताना ती चालवता येत नाहीत. रक्तदाबाला ॲम्लोडिपिन, साखरेला काही दिवस इन्सुलिन. मग नॉर्मल सलाईन, पहिल्या २४ तासांत साडेतीन लिटर. वयाकडे बघून दर चार तासांनी छातीचा आवाज, पायांची सूज आणि लघवीचं माप. ईसीजीत क्यूटी अंतर (हृदयाच्या ठोक्यातला एक टप्पा) आखूड झालं होतं; अशा वेळी डिगॉक्सिन हे हृदयाचं औषध चालू असतं तर प्रकरण हृदयावर गेलं असतं. झोलेड्रोनिक आम्ल हे कॅल्शियम उतरवण्याचं नेहमीचं औषध किडनीच्या आकड्यामुळे लगेच देता आलं नाही, म्हणून पहिले दोन दिवस कॅल्सिटोनिन. जोडीला प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड, ३० मिलिग्रॅम, जे आतड्यातून कॅल्शियम शोषणं कमी करतं. स्टेरॉइडने साखर चढली, ते धरूनच चाललेलं होतं.

चौथ्या दिवशी कॅल्शियम ११.२, दहाव्या दिवशी १०.४. बाई बोलायला लागल्या, वार सांगायला लागल्या. घरी सोडलं. आणि इथे दुसरी चूक होते बहुतेक घरांत: आकडा उतरला म्हणजे संपलं. चौथ्या आठवड्यात स्टेरॉइड कमी करताच कॅल्शियम पुन्हा ११.१. चरबीतला साठा अजून झिरपतच होता. म्हणून पहिला महिना दर आठवड्याला, मग पंधरवड्याने तपासणी, दिवसाला अडीच ते तीन लिटर पाणी. तेवढ्या काळात दूध अर्ध्यावर आणि नाचणी, सुकट, जवळा बंद. नाचणीत १०० ग्रॅममागे साधारण ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं. एरवी तो गुण, त्या दोन महिन्यांत नाही.

नको ते भरपूर, हवं ते नाही

डबा तपासताना आणखी एक गोष्ट निघाली. बाईंच्या तळपायांना वर्षभर मुंग्या होत्या. ‘ड’ कमी म्हणून, असं सगळ्यांनी गृहीत धरलेलं. बी १२ तपासलं ते १४८ पिकोग्रॅम. २०० च्या खाली कमतरता. मासे खाणाऱ्या घरात बी १२ कसं कमी होईल, हा प्रश्न रास्त आहे. बांगडा, तारली, तिसऱ्या यांत ते भरपूर असतं, आणि पावसाळ्यातली दोन महिन्यांची मासेमारीबंदी किंवा श्रावण पाळल्याने फरक पडत नाही, कारण यकृतातला साठा वर्षानुवर्षं पुरतो. कारण ताटात नव्हतं, औषधात होतं. मेटफॉर्मिन १,००० मिलिग्रॅम दोन वेळा, नऊ वर्षं. मेटफॉर्मिन आतड्यातलं बी १२ चं शोषण कमी करतं. मात्रा जितकी जास्त आणि वर्षं जितकी जास्त तितकं अधिक. आम्ल कमी करणाऱ्या गोळ्या वर्षानुवर्षं घेणाऱ्यांतही हेच होतं.

मल्टिव्हिटॅमिनमध्ये बी १२ होतं, १ मायक्रोग्रॅम. शोषण बिघडलेल्या माणसाला त्याचा उपयोग नाही. तोंडाने द्यायचं तर १,००० मायक्रोग्रॅम द्यावं लागतं, कारण नेहमीचा मार्ग अडला तरी साधारण एक टक्का तसंच झिरपून आत जातं. त्याच गोळीत फॉलिक आम्लही होतं, आणि ते वेगळ्याच तऱ्हेने घातक ठरू शकतं: फॉलिक आम्लाने रक्तक्षय सुधारतो, रक्ताचा अहवाल नीट दिसतो, बी १२ अभावी नसांचं नुकसान मात्र चालूच राहतं. बाईंना १,००० मायक्रोग्रॅमची इंजेक्शनं दिली, आधी एक दिवसाआड दोन आठवडे, मग महिन्याला एक. खरी गरज असलेलं जीवनसत्त्व ते हेच होतं आणि तीन महिने ते कुणी दिलं नव्हतं.

फायदा कुणाला, याचं उत्तर याच घरातून मिळतं. सुनेला दिवस राहण्याआधीपासून रोज ४०० मायक्रोग्रॅम फॉलिक आम्ल: बाळाच्या मज्जारज्जूतले दोष बऱ्याच अंशी टळतात, यात शंका नाही. अंगावर पिणाऱ्या तान्ह्याला रोज ४०० युनिट ‘ड’चे थेंब: हवेतच. फक्त बाटली बदलली की ड्रॉपरचं माप पुन्हा वाचायचं, कारण कुठे मिलिलिटरमागे ४०० युनिट असतात तर कुठे ८००. पण कमतरता नसलेल्या माणसाने ‘असू दे’ म्हणून घेतलं तर? अमेरिकेत २५,८७१ जणांवर झालेल्या व्हायटल या चाचणीत रोज २,००० युनिट ‘ड’ घेऊन कर्करोग किंवा हृदयविकार कमी झाला नाही. २०२२ मध्ये त्याच चाचणीतून हाडं मोडण्याचं प्रमाणही घटलं नाही असं दिसलं. ऑस्ट्रेलियात २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात वयस्क बायकांना वर्षातून एकदा ५ लाख युनिट दिले, तर पडणं आणि हाडं मोडणं उलट वाढलं. ऑक्टोबरातलं ते ६ लाखांचं इंजेक्शन म्हणूनच पटत नाही.

सुनेच्या केसांच्या गोळ्यांबद्दलही दोन शब्द. त्यांत बायोटिन १० मिलिग्रॅम असतं, रोजच्या गरजेच्या अडीच-तीनशे पट. अंगाला अपाय असा फारसा नाही, पण काही यंत्रांवर ते थायरॉइडचे आणि हृदयविकाराच्या ट्रोपोनिनचे आकडे खोटे दाखवतं. रक्त देण्याआधी दोन दिवस बंद ठेवावं आणि प्रयोगशाळेत सांगावं.

घरात काय बदललं

मुलाची यादी फाडली नाही, दुरुस्त केली. प्रत्येक ओळीत चार गोष्टी: नाव, मात्रा, कधी, आणि कधी थांबवायचं. शेवटचा रकाना पूर्वी नव्हता, आणि त्याच रकान्याअभावी पूरक गोळ्या जन्मभर चालतात. आठवड्याचं औषध असेल तर ते बाजाराच्या दिवशी घ्यायचं. गावात तो वार कुणी विसरत नाही. प्रत्येक पुडीवर घरी आणतानाच मार्करने तारीख घालायची आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्याच तारखांना खूण. आठ खुणा संपल्या की दुकानात जायचं नाही, रक्त तपासायला जायचं. पट्टी कापताना नाव आणि मुदतीची तारीख असलेला भाग शेवटपर्यंत ठेवायचा. कुठल्याही दवाखान्यात जाताना डबाच घेऊन जायचा, इंजेक्शन घेतलं तर त्याच्या बाटलीचं लेबल त्यात टाकायचं. औषधाने अपाय झाल्याचा संशय असेल तर १८००-१८०-३०२४ या शासकीय क्रमांकावर रुग्णालाही फुकट कळवता येतं.

ऊन पुन्हा सुरू झालं, पण सकाळचं कोवळं नव्हे. त्वचेत ‘ड’ तयार करणारे किरण सूर्य वर चढल्यावरच पुरेसे पोहोचतात. अकराच्या सुमाराला पडवीच्या पायरीवर, हात आणि पोटऱ्या उघड्या टाकून पंधरा-वीस मिनिटं. काचेआडून बसून उपयोग नाही. उन्हाने मात्र ‘ड’ अतिरेकी होत नाही, जास्त तयार झालेलं त्वचेतच मोडतं.

शिमग्याला, म्हणजे बारा आठवड्यांनी, कॅल्शियम १०.१, क्रिॲटिनिन १.२, ‘ड’ अजूनही ११८. मुंग्या निम्म्या झाल्या, उरलेल्या राहतील असं दिसतं. गुडघे होते तसेच दुखतात. ती झीज होती, पुडीचा तिच्याशी संबंध नव्हताच. त्यासाठी आता मांडीच्या पुढच्या स्नायूचा व्यायाम चालू आहे: गुडघ्याखाली गुंडाळलेला टॉवेल, खाली दाबून पाच आकडे धरायचं, दहादा, दोन वेळा.

डब्यात १८ पुड्या उरल्या होत्या. शेजारणीने त्या मागितल्या, तिचेही गुडघे दुखतात. पुड्या फोडून चुलीच्या राखेत कालवल्या आणि मग टाकल्या.